ओनिगिरी

ओनिगिरी म्हणजे ओल्या हातांना मीठ चोळून, गरम भाताच्या पोटात सारण भरून वळलेला जपानी मुटका. जपानीत ‘निगिरु’ म्हणजे मुठीत धरून दाबणे. मराठीत मुठीवरून मुटका झाला तसाच हा शब्द हाताच्या कृतीवरून आला आहे. ‘ओमुसुबी’ हे त्याचे दुसरे नाव ‘मुसुबु’ म्हणजे बांधणे, सांधणे यावरून पडले. ओनिगिरीला पुष्कळजण सुशीचा प्रकार समजतात, पण तसे नाही. सुशीच्या भाताला व्हिनेगर, साखर आणि मीठ लावतात. ओनिगिरीचा भात साधा असतो, आणि मीठ लागते ते फक्त बाहेरून, तळहातावरून.

भाताचा गोळा बांधून बरोबर नेण्याची रीत जपानमध्ये फार जुनी आहे. इशिकावा प्रांतातील रोकुसेई (आता नाकानोतो) या गावी 1987 मध्ये उत्खननात यायोई काळातील (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा) कोळसा झालेला भाताचा गोळा सापडला; त्यावर दाबल्याच्या खुणा आहेत. हेइआन काळात (794–1185) सरदारांच्या मेजवान्यांत सेवकांना अंडाकृती भातगोळे वाटत, त्यांना ‘तोन्जिकी’ म्हणत. पुढे सैनिक, वाटसरू आणि शेतकरी यांची ती शिदोरी झाली. यामागाता प्रांतातील त्सुरुओका येथे 1889 मध्ये एका देवळात भरणाऱ्या शाळेने गरीब मुलांना दुपारचे जेवण द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यात ओनिगिरी, भाजलेला खारा मासा आणि लोणचे होते. जपानमधील शालेय भोजनाचा आरंभ तोच मानतात. 17 जानेवारी 1995 च्या भूकंपाने कोबे आणि आसपासचा प्रदेश उद्ध्वस्त झाला, तेव्हा स्वयंसेवकांनी वळून आणलेल्या मुटक्यांनी हजारो लोकांची भूक भागवली. त्या आठवणीत 17 जानेवारी हा ‘ओमुसुबीचा दिवस’ म्हणून पाळला जातो.

घरी करताना सगळी मदार तांदळावर असते. आखूड, जाडसर दाण्याच्या जपानी तांदळात (कोशिहिकारी हा त्यातला नामांकित वाण) अमायलोज हा स्टार्चचा घटक कमी असतो, म्हणून शिते एकमेकांना धरून राहतात. बासमती किंवा कोलमचा मोकळा भात कितीही दाबला तरी सुटतो. महाराष्ट्रात जपानी तांदूळ मिळाला नाही, तर मावळातला इंद्रायणी उत्तम चालतो. त्याला स्वतःचा वास आणि चिकटपणा दोन्ही आहेत. एरवी आपण दुकानात जुना तांदूळ मागतो, येथे मात्र नवा बरा. तांदूळ पाणी बरेचसे नितळ होईपर्यंत धुवावा, अर्धा तास भिजवावा, घट्ट झाकणाखाली शिजवावा आणि आच बंद केल्यावर दहा मिनिटे वाफेत मुरू द्यावा. त्यानंतर उलथन्याने तळापासून वर उकलला की जादा वाफ निघून जाते. ही उकलणी टाळली तर तळाचा भात गच्च होतो. जपानी घरांत तांदूळ ‘गो’ या मापाने मोजतात. एक गो म्हणजे 180 मिलिलिटर, सुमारे 150 ग्रॅम तांदूळ. त्यात मध्यम आकाराचे तीन मुटके होतात.

भात चटका सोसेल इतका गरम असतानाच वळायला घ्यावा. निवला की शिते एकमेकांना धरत नाहीत. दोन्ही तळहात पाण्याने ओले करून जादा पाणी झटकावे, चिमूटभर मीठ एका हातावरून दुसऱ्यावर पसरावे. डाव्या हातावर मूठभर, साधारण 100 ग्रॅम भात घ्यावा, अंगठ्याने खळगा पाडून त्यात चमचाभर सारण ठेवावे आणि कडेचा भात वर ओढून ते झाकावे. मग उजव्या हाताची बोटे घराच्या छपरासारखी दुमडून गोळ्यावर ठेवायची: छपराखाली त्रिकोणाचे टोक येते आणि डाव्या तळव्यावर त्याची जाडी ठरते. एकदा दाबायचे, गोळा पुढे गडगडवत फिरवायचा, पुन्हा दाबायचे. चार-पाच फेऱ्यांत तिन्ही कोपरे येतात. नवशिका नेमका येथे चुकतो: सुटू नये म्हणून तो लाडवासारखा आवळत जातो आणि खाणाऱ्याच्या दातांखाली भाताची ढेप येते. बाहेरचा थर बांधलेला आणि आतली शिते मोकळी, हातात अभंग आणि तोंडात सुटणारा, असा मुटका जमला म्हणजे हात बसला. साचे बाजारात मिळतात. मुलांना डबा करून द्यायला ते सोयीचे असले, तरी हा दाब साच्याला कळत नाही.

सारण थोडे पण चवीला ठसठशीत असावे लागते, कारण सभोवतालचा भात जवळजवळ अळणी असतो. सर्वांत जुने आणि मानाचे सारण उमेबोशीचे. उमे हे जर्दाळूच्या जवळचे फळ मिठात मुरवून उन्हात वाळवतात. आंबट-खारट अशी त्याची चव कैरीच्या मुरलेल्या लोणच्याच्या फोडीची आठवण करून देते. त्याखेरीज मीठ लावून भाजलेला साल्मन, सोया सॉसमध्ये आटवलेले कोम्बु हे समुद्रशैवाल, आणि ‘ओकाका’. कात्सुओ या कुप्याच्या कुळातल्या माशाला धुरी देऊन लाकडासारखा कडक करतात. त्याचा तासलेला कीस सोया सॉसमध्ये भिजवला की ओकाका तयार. ट्यूना-मेयोनीज हे आज दुकानांत अतिशय खपणारे सारण 1980 च्या दशकातले आहे. सारण ओले असेल तर पिळून घ्यावे; रस भातात उतरला की मुटका पोटातून फुटतो.

नोरी म्हणजे समुद्रशैवालाचा कागदासारखा पातळ थापलेला आणि भाजलेला ताव. अखंड ताव सुमारे 21 × 19 सेंमीचा असतो. त्याच्या उभ्या तीन पट्ट्या कापतात. तुकतुकीत बाजू बाहेर ठेवतात. या नोरीमागची हकीकत सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये नोरीचे पीक बेभरवशाचे झाले होते, आणि त्याचे ‘बी’ उन्हाळ्यात कुठे जाते हे शेतकऱ्यांनाही माहीत नव्हते. इंग्लंडमधील कॅथलीन ड्र्यू-बेकर या शैवालतज्ज्ञ विदुषीने 1949 मध्ये दाखवून दिले, की या शैवालाची एक अवस्था शिंपल्यांच्या कवचात वाढते. त्याच्या आधारे जपानी संशोधकांनी शिंपल्यांवर बीजधारणा करण्याची पद्धत बसवली आणि नोरीची शेती स्थिरावली. ड्र्यू-बेकर जपानला कधी गेल्या नाहीत, पण कुमामोतो प्रांतातील उतो येथे 1963 मध्ये त्यांचे स्मारक उभारले गेले. नोरी पिकवणारे लोक तेथे दरवर्षी एप्रिलमध्ये त्यांना वंदन करतात.

भाताला लागताच नोरी ओल धरून मऊ पडते. काहींना तीच आवडते, काहींना कुरकुरीत हवी असते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस दुकानांतून भात आणि नोरी यांच्यामध्ये पातळ प्लास्टिक घातलेले वेष्टन आले, तेव्हा हा प्रश्न सुटला. घरी मात्र नोरी वेगळी नेऊन खाताना गुंडाळणे एवढे पुरते.

आकार प्रांतागणिक बदलतो. टोकियोकडे त्रिकोण, ओसाका-क्योतोकडे तांदळाच्या पोत्यासारखा लांबट ‘तावारा’ जुना, आणि तेथे नोरीही सोया-साखर लावलेली आवडते. हवाईत गेलेल्या जपानी लोकांच्या वस्तीत डब्यातल्या मांसाची तळलेली चकती भातावर बांधून ‘स्पॅम मुसुबी’ तयार झाली.

मुटका त्याच दिवशी खावा. उघड्या हातांनी वळलेला भात उन्हाळ्यात लवकर बिघडतो, म्हणून डब्यासाठी तो प्लास्टिकच्या पातळ कागदातून वळावा आणि पूर्ण निवल्यावरच झाकावा; गरम मुटक्याला बंद डब्यात पाणी सुटते. फ्रीजमध्ये ठेवला तर स्टार्च पुन्हा कडक होऊन शिते खडखडीत होतात. तसा झालाच, तर नोरी काढून तो तव्यावर किंवा जाळीवर मंद आचेवर ठेवावा, बाजू धरल्या की सोया सॉसचा हात फिरवावा आणि पुन्हा उलटावा. कडा करपट, कुरकुरीत आणि खमंग होतात. ही ‘याकी-ओनिगिरी’ वाडग्यात ठेवून वर गरम हिरवा चहा ओतला, की तीच हळूहळू सुटून चहाभात होते.