जलवाहिनी : पोलाद, काँक्रीट आणि काळी माती

पैठणहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला नव्या पाणीपुरवठा योजनेचे पोलादी नळ ज्यांनी पाहिले असतील, त्यांना त्यांचा आकार वेगळा सांगायला नको. २,५०० मिलिमीटर व्यास म्हणजे उंच माणूस हात वर करून आत उभा राहील एवढी जागा. मुख्य रस्ता सोडून एखाद्या खेड्याकडे वळले, की ओढ्यावरच्या नळकांडी पुलाखाली मात्र सिमेंटचे ह्यूम पाईप दिसतात. हा फरक का, असे विचारल्यास ‘पोलाद मजबूत आणि सिमेंट स्वस्त’ असे ठरलेले उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे. त्या नळाला आतले पाणी फाडू पाहणार आहे की वरची माती दाबणार आहे, हे आधी ठरवावे लागते.

पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब येतो. पाणी शंभर मीटर उंच चढवायचे असेल, तर अडीच मीटर व्यासाच्या नळाचे दोन अर्धे भाग प्रत्येक मीटर लांबीमागे सुमारे २५० टन बलाने एकमेकांपासून दूर ढकलले जातात. हा सगळा ताण दोन्ही बाजूंच्या भिंतींनी निम्मा निम्मा पेलायचा असतो. सोळा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८०० किलो ताण येतो आणि साधे बांधकामाचे पोलाद २,५०० किलोपर्यंत कायमचे ताणले जात नाही, म्हणजे हाताशी बरीच शिल्लक राहते. काँक्रीटचे गणित उलटे आहे. दाब सोसण्यात ते वस्ताद असले, तरी ताणाखाली त्याची ताकद साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. तोच भार नुसत्या काँक्रीटवर टाकायचा झाल्यास भिंत चाळीस सेंटिमीटरहून जाड लागेल, आणि तीही सुरक्षिततेची कसलीच शिल्लक न ठेवता.

वीज गेल्यावर होणारा प्रकार याहून अवघड असतो. पंप अचानक बंद पडला, की नळातून धावणारे पाणी थबकते, दाब आधी घसरतो आणि परतणाऱ्या लाटेबरोबर उसळतो. दर सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी एकाएकी थांबले, तर सुमारे शंभर मीटर उंचीइतका जादा दाब निर्माण होऊ शकतो. जेथे वीज दिवसातून कितीदा जाईल याचा भरवसा नाही, तेथे हा धक्का अपवाद न मानता रोजचा पाहुणा मानूनच नळ निवडलेला बरा. अर्थात पोलादाचीही येथे एक दुखरी नस आहे. दाब घसरून आत निर्वात अवस्था आली, तर मोठ्या व्यासाचा पातळ नळ बाहेरच्या हवेच्या दाबाने आत चेपला जाऊ शकतो. म्हणून उंचवट्यांवर हवेच्या झडपा बसवाव्या लागतात. जाड काँक्रीटला ही भीती फारशी नसते.

काँक्रीटला ताण सोसायला लावण्याची युक्तीही आहे, आणि ती आपल्या सुतार-लोहारांना जुनीच ठाऊक आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. थंड होताना ती आवळते आणि लाकडाचे तुकडे एकमेकांवर घट्ट दाबले जातात. पूर्वप्रतिबलित नळात काँक्रीटच्या नळाभोवती पोलादी तार ताणून गुंडाळलेली असते. आतले पाणी जोर करू लागले, की काँक्रीट फाटण्याऐवजी आधी त्याची आवळ सैल होत जाते. मात्र वरचे सिमेंटचे कवच तडकून तार गंजली, तर असा नळ फारशी पूर्वसूचना न देता फुटतो. पोलादी नळ बहुधा आधी सुईएवढ्या भोकातून पाझरू लागतो, आणि ते भोक ठिगळ वेल्ड करून बुजवता येते.

ओढ्यावरच्या पुलात दाबाचे पाणी नसतेच. तेथे भार असतो तो मुरमाचा आणि उसाच्या ट्रॅक्टरचा. साचा गरागरा फिरवून काँक्रीट बाहेरच्या बाजूला दाबून बसवण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातील ह्यूम बंधूंनी १९१० मध्ये काढली. त्यांचेच नाव आपण अजून घेतो. असा नळ ताठ असतो आणि वरचे ओझे स्वतःच्या अंगावर घेतो. पोलादी नळ लवचीक असतो, ओझ्याखाली किंचित आडवा पसरतो आणि बाजूच्या मातीला टेकून उभा राहतो. ती माती नीट ठोकलेली नसेल, तर पोलाद कितीही चांगले असले तरी नळ लंबगोल होतो.

मराठवाड्यातली खरी अडचण या मातीचीच आहे. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पाडते. अडीच मीटर लांबीच्या सिमेंटी नळांचे जोड या हालचालीत सरकतात, रबरी रिंग उघडी पडते आणि गळती सुरू होते. वेल्ड केलेला पोलादी नळ तेवढे वाकून घेतो. उलट, ओल्या काळ्या मातीतून वीज सहज वाहत असल्याने उघडे पोलाद तेथे झपाट्याने गंजते. म्हणून बाहेरून लेप आणि आतून सिमेंटचे अस्तर देतात. सिमेंट तीव्र अल्कधर्मी असल्याने त्याच्या सान्निध्यात पोलादावर गंजरोधक पापुद्रा टिकून राहतो. दोन्ही पदार्थ उष्णतेने जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, म्हणून अस्तर सहसा सुटत नाही. चारीत मात्र काळी माती परत न लोटता नळाभोवती मुरूम किंवा वाळू भरावी लागते. खर्च वाचवायचा म्हटले, की पहिली काट याच कामावर पडते, असा माझा अनुभव आहे.

सांडपाण्याच्या नळात वेगळाच शत्रू असतो. तेथे तयार होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडपासून जिवाणू गंधकाम्ल बनवतात आणि ते सिमेंटच्या नळाचा पाण्यावरचा, म्हणजे छताचा भाग खाते.

वजनाचा हिशेबही पाहावा. एक मीटर व्यासाचा, आठ मिलिमीटर जाडीचा पोलादी नळ दर मीटरला सुमारे २०० किलो भरतो, तर त्याच व्यासाचा जाड ह्यूम पाईप एक टनाच्या आसपास. पोलादी नळाचे लांब तुकडे क्रेनने उतरवता येतात आणि जोडही कमी लागतात. पण जून महिन्यात उघड्या चारीत पाणी साचले, तर दोन्ही टोके बंद केलेला रिकामा पोलादी नळ वर येतो. ह्यूम पाईपचे काय होईल? त्याचा बाहेरचा व्यास सव्वा मीटरच्या जवळ असल्याने तो दर मीटरला जवळपास १.२ टन पाणी बाजूला सारतो, आणि स्वतःचे वजन त्याहून कमी! तोंडे बंद केलेला टनाचा सिमेंटी नळही चारीत तरंगू शकतो. म्हणून पावसाचे ढग दिसताच जाणते मुकादम रिकाम्या नळात पाणी भरून ठेवतात किंवा त्यावर हातभर माती लोटून घेतात.