‘घरकाम’ या शब्दाची गुंतागुंत

पुण्यात स्त्रियांच्या नोकरीचा विषय निघाला की चर्चा १८४८ मधील भिडेवाड्यातल्या शाळेपासून सुरू होते आणि १८९६ मध्ये निघालेल्या विधवांच्या आश्रमावरून पुढे सरकते. त्यानंतरच्या काळात मध्यमवर्गीय घरांनी शिक्षिका आणि परिचारिका हे पेशे तुलनेने लवकर मान्य केले, कारण त्यांत घरातल्या सेवेचाच विस्तार दिसत होता. शेतात, मंडईत आणि परक्याच्या घरी राबणाऱ्या बायकांसाठी मात्र अशा मान्यतेचा प्रश्न कोणी काढलाच नव्हता.

खरी गुंतागुंत आहे ती ‘घरकाम’ या शब्दात. सकाळी चार घरची धुणीभांडी करणारी बाई सरकारी पाहणीत श्रमशक्तीत मोजली जाते. दुपारी स्वतःच्या घरी तीच भांडी घासताना तिचे श्रम या मोजणीत येत नाहीत. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप करून पगारवाढ आणि रजा मागितली, तेव्हा या कामाला मोल आहे हे शहराला प्रथमच इतक्या ठळकपणे ऐकावे लागले. २००८ च्या राज्य कायद्याने त्यांना ‘घरेलू कामगार’ हे नाव आणि कल्याणकारी मंडळ दिले, पगार मात्र ठरवून दिला नाही. ही उणीव लहान मानता येणार नाही.

राष्ट्रीय श्रमशक्ती पाहणीत केवळ घर सांभाळणाऱ्या स्त्रीला ९२ हा संकेतांक मिळतो. घर सांभाळून जळण गोळा करणारी किंवा घरच्यांचेच कपडे शिवणारी स्त्री ९३ मध्ये जाते. दोघीही श्रमशक्तीबाहेर धरल्या जातात. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा देशातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. या वाढीत ग्रामीण स्वयंरोजगाराचा वाटा मोठा असून घरच्या शेतीत किंवा धंद्यात विनावेतन हातभार लावणाऱ्या स्त्रियाही त्यात आहेत, त्यामुळे हा आकडा पगारी नोकऱ्यांचा समजू नये. २०१९ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे.

शिवाय उत्तर कोण देते, यावरही नोंद ठरते. पेठेतल्या एखाद्या दारावर ‘पिको-फॉल करून मिळेल’ अशी पाटी असते, आत शिलाईयंत्र चालू असते आणि ‘वहिनी काय करतात?’ या प्रश्नावर घरातला पुरुष सांगतो, ‘काही नाही, घरीच असते.’