‘त्यांचा कुत्रा, ते बघतील’ : एक खुलासा

सोसायटीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. कुत्रा त्यांचा, गॅलरी त्यांची, आणि मारत तर नाहीत. मग तक्रार कसली?

कायदा असं म्हणत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्याच्या कलम ११ नुसार मालकाने पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हाही गुन्हा आहे. आखूड किंवा जड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायलाच न नेणं, हेही त्यातच येतं. हात उगारायलाच हवा असं नाही.

पण बरगड्या दिसल्या म्हणून लगेच चौकी गाठू नका. म्हातारा, मूत्रपिंडाच्या आजाराचा कुत्रा पोटभर खाऊनही वाळतो. आधी बेल वाजवा, विचारा. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली बांधलेला, पाण्याचं भांडं कोरडं, त्यात कालची पानं, आणि हे रोजचंच असेल तर मात्र तारीख-वेळेसकट फोटो ठेवा. खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, म्हणून रेंगाळू नका.

पोलीस बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्हा, नोंदवतील. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. वडापावच्या भावात सुटका, हे खरंच लाजिरवाणं आहे. तरी दोषी ठरलेल्या मालकाकडून प्राणी काढून घेण्याचा अधिकार कलम २९ न्यायालयाला देतं.