व्हर्च्युअल मशीनवर एसक्यूएल सर्व्हर: इंदूरच्या छोट्या व्यावसायिकांनी लायसन्स कसं घ्यावं

दवा बाजारातल्या एका पेढीचं बिलिंग एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालतं, आणि ते बसवलंय व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेल्या कॉम्प्युटरवर. त्या मशीनला आठ कोअर, म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे आठ भाग, दिलेले होते. कामाचा भार पाहिला तर दोनावर सहज भागत होतं. तरी लायसन्सचं कोटेशन आठ कोअरचं आलं, आणि नियमाने ते बरोबरच होतं. कोअर मोजून लायसन्स घ्यायचं तर मशीनला जेवढे व्हर्च्युअल कोअर दिलेत तेवढ्या सगळ्यांचं लागतं, डेटाबेस त्यातले किती वापरतो हे कोणी विचारत नाही. आम्ही मशीन बंद करून कोअर चारवर आणले आणि कोटेशन नव्याने मागवलं. दोनावर का नाही आणले? कारण एका व्हर्च्युअल मशीनला किमान चार कोअरची लायसन्स घ्यावीच लागतात, आणि ती दोन-दोनच्या जोडीत मिळतात.

म्हणून विक्रेत्याला फोन करण्याआधी मोजणी करा. मशीनला किती कोअर आहेत, ते कोणत्या सर्व्हरवर चालतं, डेटाबेस किती जीबीचा आहे आणि त्याला हात लावणारी माणसं किती, हे चार आकडे एका कागदावर हवेत.

फुकटात भागतंय का?

हे आधी तपासा. एक्सप्रेस आवृत्ती व्यवसायासाठीही मोफत आहे. 2022 च्या एक्सप्रेसमध्ये एक डेटाबेस 10 जीबीपर्यंत वाढू शकतो, 2025 च्या एक्सप्रेसमध्ये 50 जीबीपर्यंत. कोअर चारपर्यंतच वापरले जातात, मेमरीही अगदी मर्यादित, आणि ठरल्या वेळी आपोआप बॅकअप घेणारा एजंट त्यात नसतो. ते काम विंडोजच्या टास्क शेड्युलरवर लावावं लागतं. सियागंजमधल्या बऱ्याच दुकानांचा हिशेब एवढ्यात बसतो. डेव्हलपर आवृत्तीही मोफत आहे, पण ती फक्त सॉफ्टवेअर बनवण्या-तपासण्यासाठी. तिच्यावर रोजची बिलं फाडणं नियमात बसत नाही.

माणसं मोजायची की कोअर?

एक्सप्रेस पुरत नसेल तर छोट्या धंद्याला स्टँडर्ड आवृत्ती बस होते. ती दोन प्रकारे मिळते. एकात प्रत्येक व्हर्च्युअल मशीनसाठी एक सर्व्हर लायसन्स आणि वापरणाऱ्या प्रत्येक माणसाचं किंवा उपकरणाचं एक कॅल, म्हणजे डेटाबेस वापरायचा परवाना. दुसऱ्यात फक्त कोअर मोजायचे, माणसं कितीही असोत.

2022 आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेले दर होते: सर्व्हर लायसन्स 989 डॉलर, कॅल 230 डॉलर, दोन कोअरची जोडी 3,945 डॉलर. आता चार कोअरच्या मशीनचा हिशेब करा. कोअरने 7,890 डॉलर होतात. कॅलने दहा माणसांचे 3,289, आणि तीस माणसांचे 7,889. म्हणजे तिसाच्या आत कॅल स्वस्त, पुढे कोअर. रुपयातला आजचा भाव कोटेशनमधूनच कळेल, पण कल कुठे झुकतो ते यातून दिसतं.

कॅल मोजताना एक चूक सर्रास होते. बिलिंगचं सॉफ्टवेअर एकाच लॉगिनने डेटाबेसला जोडलेलं असतं, म्हणून एकच कॅल धरतात. तसं नाही, सॉफ्टवेअरच्या मागे बसलेली सगळी माणसं मोजायची. मात्र तीन काउंटरवर दोन पाळ्यांत सहा जण बसत असतील, तर उपकरणावरची तीन कॅल घेतली की झालं.

कोअरची वाट धरणाऱ्यांनी हे नीट वाचावं. 2022 आवृत्तीपासून एकेका व्हर्च्युअल मशीनला कोअरने लायसन्स लावायचं असेल तर ते वर्गणीचं हवं, किंवा त्यावर सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स, म्हणजे लायसन्सवर वेगळे पैसे भरून घेतलेली मायक्रोसॉफ्टची जोड-योजना, चालू हवा. एकदा पैसे भरून कायमचं घेतलेलं साधं कोअर लायसन्स तिथे चालत नाही, म्हणून वरचा 7,890 चा हिशेब फक्त कल दाखवणारा समजा. कोटेशनमध्ये हे स्पष्ट लिहून मागा.

दोन सर्व्हर असतील आणि मशीन एकावरून दुसऱ्यावर हलत असेल, तरीही अ‍ॅश्युरन्स किंवा वर्गणी लागेल. त्याशिवाय लायसन्स 90 दिवसांच्या आत दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही. सर्व्हर कायमचा निकामी झाला तरच सूट आहे. विंडोज सर्व्हरचं लायसन्स आणि त्याची कॅल या सगळ्याहून वेगळी.

कागदपत्रं आणि क्रम

खरेदी मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत भागीदाराकडून होते. त्याला फर्मचं नाव-पत्ता, जीएसटी क्रमांक, पॅन आणि सही करणाऱ्या जबाबदार व्यक्तीचं नाव, ईमेल, फोन द्या. ईमेल मालकाच्या ताब्यातला असू द्या, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलाचा नको. तो काम सोडून गेला तर खातंही हातून जातं, आणि ते परत मिळवताना मी लोकांचे फार हाल पाहिलेत. उद्यम नोंदणी या खरेदीला सक्तीची नाही.

भागीदार तुमच्या फर्मच्या नावाने खातं उघडतो किंवा असलेलं जोडून घेतो. मग ग्राहक करार मान्य करायचा, लेखी ऑर्डर द्यायची, पैसे भरायचे. लायसन्स आलं म्हणजे त्याची की (सॉफ्टवेअर चालू करायचा क्रमांक) आणि डाउनलोड मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅडमिन सेंटरमध्ये, म्हणजे खात्याच्या वेबपानावर, दिसतात. तिथे स्वतः शिरून संख्या ऑर्डरशी ताडून पाहा, नंतरच इन्स्टॉल करा.

बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक 23 ने सुरू होत असेल, म्हणजे तो मध्य प्रदेशातला असेल, तर बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी. मुंबई-पुण्याचा असेल तर आयजीएसटी. दोन्हीचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही.

दोन-तीन हजारांत ईमेलवर नुसती की पाठवणारे भेटतील. त्यांच्यापासून कृपा करून दूर राहा. नुसती की म्हणजे लायसन्स नव्हे. तपासणीत करार आणि बिल मागतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 बी नुसार जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरली तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो.

करार, ऑर्डर, बिल, अ‍ॅडमिन सेंटरच्या पानाची छापील प्रत आणि तो मोजणीचा कागद एका फाइलमध्ये लावून ठेवा. पुढे मशीन हळू चालतंय म्हणून कोणी दोन कोअर वाढवायला निघालं, तर आधी ही फाइल उघडायची.