रेघ नेमकी कुणाची?

काचेची पेटी, आत दमट हवा. दट्ट्या झटकन खाली ओढला की हवा पसरते, गार पडते, आणि विद्युतभारित कण जिथून गेला तिथे बारीक थेंब जमून पांढरी रेघ उमटते. सी. टी. आर. विल्सन यांनी केंब्रिजमध्ये १९११ साली अशा रेघांचे फोटो काढले. म्हणजे कणाला मार्ग असतो, हे डोळ्यांना दिसतच होतं.

चालत्या नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, हे आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्ये लिहून ठेवलंय. कोण हलतंय हा वाद असा जुनाच. पण वस्तूला सलग वाट असते, यावर ग्रीक तत्त्वज्ञ झेनोसारखा एखादा सोडला तर फारशी कुणी शंका घेतली नव्हती. आइन्स्टाईन यांच्या सापेक्षतेच्या सिद्धांतानेही घेतली नाही. उलट १९०८ मध्ये कोलोनच्या व्याख्यानात मिंकोव्हस्की यांनी वस्तूचा सगळा इतिहास चार मितींतली (तीन जागेच्या, एक काळाची) एक अखंड रेघच करून टाकला. फक्त त्या रेघेवरून काही सरकत नाही. ती आहे तशी पसरलेली.

अणूंच्या पातळीवरचे नियम सांगणाऱ्या क्वांटम मेकॅनिक्सने रेघच पुसली. १९२५ मधल्या हायझेनबर्ग यांच्या मांडणीत इलेक्ट्रॉनला कक्षा उरली नाही. मग पेटीतली ती रेघ कुणाची? कोपनहेगनमध्ये याच प्रश्नाने त्यांना छळलं. एका रात्री संस्थेमागच्या बागेत फिरताना लक्षात आलं, की आपल्याला दिसतात ते थेंब, आणि थेंब इलेक्ट्रॉनपेक्षा कितीतरी मोठा. दिसते ती अंदाजे जागांची माळ. कणाची जागा आणि संवेग एकाच वेळी हव्या तितक्या नेमकेपणाने सांगता येत नाहीत, हे १९२७ चं अनिश्चिततेचं तत्त्व त्यातूनच आलं.

मला याहून सरस वाटतो तो नेव्हिल मॉट यांचा १९२९ चा निबंध. त्याची चर्चा मात्र कमी होते. किरणोत्सारी अणुगर्भातून निघणारा अल्फा कण (हेलियमचा गाभा) समीकरणात सगळीकडे फुगणारी गोल लाट असतो. मग पेटीतली त्याची रेघ सरळ का? मॉट यांनी गणित करून दाखवलं, की दोन अणू एकाच वेळी आयनित, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले, सापडण्याची शक्यता लक्षणीय असते ती ते अणुगर्भाशी एका रेषेत असतील तरच.

सापेक्षता आणि क्वांटम हे दोन्ही सिद्धांत डिरॅक यांनी १९२८ मध्ये एकत्र आणले, तर इलेक्ट्रॉनच्या तात्कालिक वेगाचं उत्तर आलं थेट प्रकाशाच्या वेगाइतकं! श्रोडिंजर यांनी १९३० मध्ये त्या समीकरणातून इलेक्ट्रॉनची एक थरथर काढली. ती मुक्त इलेक्ट्रॉनमध्ये थेट दिसत नाही, फारच सूक्ष्म आणि जलद. २०१० मध्ये इन्सब्रुकच्या गटाने तिची नक्कल केली, सापळ्यात अडकवलेल्या एका कॅल्शियम आयनावर.