विषबाधा की गॅस्ट्रो? आधी घड्याळ बघा

घरात कुणाला उलट्या-जुलाब सुरू झाले की पहिला संशय शेवटी जे खाल्लं त्यावर जातो, आणि बऱ्याचदा तो चुकीचा असतो. अन्नातून झालेली विषबाधा आणि गॅस्ट्रो, म्हणजे जंतू पोटात जाऊन झालेलं इन्फेक्शन, दोन्हीत त्रास सारखाच दिसतो पण होतात वेगळ्या कारणाने आणि टाळायचीही वेगळ्या पद्धतीने.

विषबाधेत विष ताटात येण्याआधीच तयार झालेलं असतं. भाताचं बघा. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवताना मरत नाहीत, आणि भात रात्रभर ओट्यावर कुकरमध्येच राहिला की वाढतात आणि विष सोडतात, मग सकाळी त्याच भाताला कितीही कडक फोडणी द्या, जंतू मरतील पण उलट्या करणारं ते विष तसंच राहतं. "गरम केलं की चालतं" हे आपल्याकडे घराघरात इतकं पक्कं बसलंय म्हणून हे मुद्दाम सांगतोय. स्टॅफिलोकॉकसचं पण तेच. तो माणसांच्या नाकात, पिकलेल्या जखमेत असतो, आचाऱ्याच्या बोटाला तशी जखम असेल तर पेढ्यात, बासुंदीत, पनीरमध्ये उतरतो, आणि त्याचं विषही उकळून जात नाही. वास-चव बहुतेक वेळा ठीकच लागते, त्यामुळे वास घेऊन ठरवू नका.

विष तयारच असल्यामुळे त्रास पटकन होतो, अर्ध्या तासापासून सहा-आठ तासांत. उलट्या जास्त, ताप सहसा नाही, आणि साधारण दिवसभरात माणूस सावरतो. एका पंगतीत जेवलेले बरेच जण एकाच वेळी आजारी पडले तर हाच संशय घ्यायचा.

गॅस्ट्रोत जंतूंना आतड्यात वाढायला वेळ लागतो. नोरोव्हायरसला 12 ते 48 तास, कॅम्पिलोबॅक्टरला साधारण 2 ते 5 दिवस, म्हणजे आज जुलाब लागले तर दोष आजच्या वड्यापावचा नसून तीन दिवसांपूर्वीच्या पाण्याचा असू शकतो. इथे जुलाब, पोटात मुरडा, बऱ्याचदा ताप, आणि घरात एकामागून एक लागण, आधी पोरगं मग त्याचं करणारी आई. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाणीच लागतं.

आता यात एक गुंता आहे. कच्चट अंडं किंवा अर्धवट शिजलेल्या चिकनमधून साल्मोनेला गेला तर डॉक्टर त्यालाही फूड पॉइझनिंगच म्हणणार, पण तो चालतो इन्फेक्शनसारखा, 6 तासांपासून 6 दिवसांपर्यंत कधीही. म्हणून डॉक्टरांना फक्त काल काय खाल्लं ते नको, मागच्या तीन-चार दिवसांचं खाणं, पाणी, अजून कोण आजारी आहे सगळं सांगा.

टाळायचं कसं? भात उरला तर पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. जखम असलेल्या हाताने स्वयंपाक नको. गॅस्ट्रोसाठी पाणी उकळून, अंडं-चिकन पूर्ण शिजवून, आणि ज्याला जुलाब झालेत त्याने थांबल्यावरही दोन दिवस इतरांसाठी स्वयंपाक करू नये.

उपाय मात्र दोन्हीत तोच, शरीरातलं पाणी भरून काढायचं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात असलं काही नाही. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि थोडं थोडं पाजत राहा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, व्हायरसवर आणि तयार विषावर ते काहीच करत नाही.

शौचात रक्त, जास्त ताप, पाणीही न टिकणं, लघवी कमी होणं, लहान मूल मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना. आणि पोट बरं झाल्यावरही लक्ष ठेवा. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड भागात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, म्हणजे कधी कधी पोटाच्या इन्फेक्शननंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार) पेशंट एकदम वाढले तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता, त्यामुळे जुलाबानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायात मुंग्या येऊन जोर कमी वाटायला लागला तर अशक्तपणा समजून घरी बसू नका, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा.