चेहऱ्याच्या जागी उजेड: 'द थिंग'च्या कव्हरमागची गोष्ट

बॉडी हॉररच्या, म्हणजे माणसाचं शरीरच बिघडत, बदलत जाण्याची भीती दाखवणाऱ्या पिक्चर्सच्या, चाहत्यांसमोर १९८२ च्या 'द थिंग'चं नाव काढलं की पिक्चरमधल्या सीनच्याही आधी त्याचं कव्हर डोळ्यासमोर येतं. बर्फात उभा असलेला माणूस, अंगात जाडजूड पार्का (टोपी जोडलेला थंडीचा कोट), हात शरीरापासून जरा लांब धरलेले, आणि टोपीच्या फरच्या आत जिथे चेहरा असायला हवा तिथून नुसता पांढरा उजेड फुटतोय, टोकदार किरणांचा. रक्त नाही, मांस नाही, राक्षसही नाही. आणि पिक्चरमध्ये बघावं तर माणसाचं शरीर फाटतं, उलगडतं, दुसऱ्याच कशात तरी मिसळतं आणि हे सगळं कॅमेरा जवळ नेऊन दाखवलंय. सगळं काही दाखवणाऱ्या पिक्चरला काहीच न दाखवणारं कव्हर कसं मिळालं, हे बघायचं तर बरंच मागे जावं लागतं.

मूळ गोष्ट १९३८ ची, जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलची 'हू गोज देअर?' ही लघुकादंबरी, जी एका सायफाय मासिकात टोपणनावाने छापून आली होती. अंटार्क्टिकावरच्या संशोधकांना बर्फात गोठलेला परग्रहावरचा जीव सापडतो, तो ज्याला पकडेल त्याची हुबेहूब नक्कल करतो, मग शेजारी बसलेला आपलाच माणूस आहे की तो जीव आहे हेच कळेनासं होतं. १९५१ मध्ये यावरून पहिला सिनेमा निघाला पण त्यात नक्कल करणारा जीव गायबच केला, त्याजागी वनस्पतीसारखा एक उंचापुरा राक्षस आला. १९८२ मध्ये दिग्दर्शक जॉन कारपेंटरने परत मूळ कल्पनेला हात घातला, अंटार्क्टिकावरच्या संशोधन स्टेशनवरची १२ माणसं घेतली आणि कोणावरच भरवसा नाही हीच त्या पिक्चरची खरी भीती ठेवली.

इफेक्ट्सची जबाबदारी रॉब बॉटिनवर होती, तेव्हा तो जेमतेम विशीत होता, आणि त्याने इतकं झोकून देऊन काम केलं की शेवटी थकव्याने हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलं (म्हणून कुत्र्याच्या सीनमधला जीव स्टॅन विन्स्टनच्या टीमने बनवला). शॉक देण्याचा सीन तर आजही बघताना अंगावर काटा येतो. डॉक्टर पेशंटच्या छातीवर मशीनचे पॅड दाबतो, छातीच जबड्यासारखी उघडते आणि त्याचे दोन्ही हात चावून तोडते. त्यासाठी खरोखर दोन्ही हात गमावलेल्या एका माणसाला घेतलं, त्याला खोटे हात लावले आणि चेहऱ्यावर डॉक्टरचं काम करणाऱ्या नटाच्या चेहऱ्याचा मास्क चढवला. कॉम्प्युटर नाही काही नाही, रबर, जिलेटिन आणि हाताची कला, बस्स.

पोस्टरची (कव्हरवरचं चित्र मूळ तिथलंच) कथा याच्या एकदम उलट, कारण ते काढणाऱ्या ड्रू स्ट्रूझनने पिक्चर बघितलाच नव्हता. स्टुडिओचा फोन आला, 'द थिंग'चा रिमेक येतोय, चित्र उद्या सकाळी पाहिजे. ना फोटो, ना राक्षसाचं डिझाइन. त्याने स्वतःच पार्का घालून पोझ दिली, बायकोने पोलरॉइडवर फोटो काढला, त्यावरून रात्रभर बसून पेंटिंग केलं आणि सकाळी ते न्यायला माणूस आला तेव्हा रंग अजून ओलाच होता. मला वाटतं इथेच सगळी जादू आहे. राक्षस कसा दिसतो हे त्याला माहीतच नव्हतं, त्यामुळे चेहऱ्याची जागा त्याने उजेडाने भरली, आणि नकळत गोष्टीचा गाभाच पकडला, कारण या जिवाला स्वतःचा असा चेहराच नाही, पार्काच्या आत कोण आहे हाच तर पूर्ण पिक्चरभर प्रश्न आहे. त्याला सगळे रेफरन्स दिले असते तर बहुतेक सोंडा आणि दात असलेलं चारचौघांसारखं पोस्टर झालं असतं.

थिएटरमध्ये मात्र पिक्चर आपटला. २५ जून १९८२ ला तो लागला तेव्हा 'ई.टी.' येऊन दोनच आठवडे झाले होते, लोक गोड एलियनच्या प्रेमात होते, आणि त्याच दिवशी 'ब्लेड रनर'पण लागला. त्या दोन्हींची पोस्टर्स जॉन अल्विनने काढलेली, 'ई.टी.'चं तर दोन बोटं टेकणारं ते प्रसिद्ध चित्र, म्हणजे एकीकडे स्पर्शातून माया आणि दुसरीकडे स्पर्श झाला की संपलं! समीक्षकांनी घाण, किळसवाणा म्हणून झोडपलं. दीड कोटी डॉलर बजेट, अमेरिकेतली कमाई दोन कोटींच्याही आत.

वाचवलं ते व्हिडिओ कॅसेटने. दुकानातल्या रॅकवर ना ट्रेलर ना रिव्ह्यू, कव्हर बघून लोक कॅसेट उचलायचे, त्यामुळे हॉररवाल्यांमध्ये कोण जास्त भडक कव्हर काढतो याची चढाओढच लागली. ब्रिटनमध्ये १९८२ मध्येच 'द ड्रिलर किलर'च्या कव्हरवर कपाळात ड्रिल घुसलेला माणूस होता, त्याच्या जाहिरातींवरून तक्रारी झाल्या, पेपरांनी अशा कॅसेटविरुद्ध मोहीमच उघडली आणि १९८४ मध्ये व्हिडिओवर सेन्सॉरचा कायदा आला. या सगळ्या रक्तमांसाच्या गर्दीत ती निळी, थंड, बिनचेहऱ्याची आकृती वेगळी उठून दिसते. भडक कव्हर एका नजरेत संपतं, इथे मात्र डोळा परत परत त्या उजेडात जातो आणि हाती काहीच लागत नाही. शिवाय किरणांमुळे त्या माणसाचं डोकं फुटतंय की आतून काहीतरी बाहेर पडतंय हे ठरवता येत नाही, म्हणजे बॉडी हॉरर त्यात आहेच, फक्त रक्ताचा थेंब न सांडता.

नंतर फोटोशॉप आलं, पोस्टरवर नटांची मोठमोठी डोकी आली, हाताने रंगवलेली पोस्टर्स जवळपास बंदच झाली आणि २००८ मध्ये स्ट्रूझनने निवृत्ती घेतली. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या 'द मिस्ट' या हॉरर पिक्चरचा हीरो पोस्टर रंगवणारा चित्रकार आहे, ते पात्र स्ट्रूझनवरूनच उभं केलंय, आणि सुरुवातीलाच त्याच्या स्टुडिओत 'द थिंग'चं पोस्टर दिसतं. इतकी गाजलेली पोस्टर्स काढलेल्या माणसाला सलाम करताना त्यात हे एका रात्रीचं काम हवंच होतं, आणि ते घेतलं हे एकदम योग्य झालं.